राजाच्या खुर्चीतून ताओ ते चिंग

‘हजार मैलांचा प्रवासही एका पावलाने सुरू होतो.’ जिमच्या भिंतीवर, दहावीच्या सत्कार समारंभात, सकाळी सकाळी येणाऱ्या फॉरवर्डमध्ये हे वाक्य हमखास भेटतं आणि खाली नाव असतं लाओ त्सेचं. वाक्य ‘ताओ ते चिंग’ या प्राचीन चिनी ग्रंथाच्या ६४व्या अध्यायातलं आहे, इथवर ठीक. पण छापील पाठात त्याला लागूनच जे येतं ते भिंतीवर कुणी रंगवत नाही: जो करायला जातो तो बिघडवतो, जो धरून ठेवतो तो गमावतो. आणि त्याच्या आधी कारभार करणाऱ्याला सल्ला आहे, की गोंधळ माजायच्या आतच त्याचा बंदोबस्त कर, कारण कवेत जेमतेम मावणारं झाडही एका कोंबातूनच वाढलेलं असतं. अध्यायाचा रोख हा आहे. मोठं होणारं काहीही लहान असतानाच ओळखावं, मग ते चांगलं असो की वाईट. ‘उठा, पहिलं पाऊल टाका’ हे आपण नंतर चिकटवलेलं.

या ग्रंथाचं असं होतं, कारण तो फार लहान आहे. जेमतेम पाच हजार चिनी अक्षरं, ८१ अध्याय, एकेक अध्याय अर्ध्या पानाचा. गोष्ट नाही, पात्रं नाहीत, कोण कुणाशी बोलतंय याचा पत्ता नाही. त्यामुळे कुठलंही वाक्य उचलावं आणि कुठेही लावावं. माझं म्हणणं एवढंच आहे की या ग्रंथाला एक ठरलेला श्रोता आहे, आणि तो श्रोता म्हणजे ज्याच्या हातात सत्ता आहे असा माणूस. ही एक गोष्ट धरून वाचलं, की ‘गूढ’ म्हणून सोडून दिलेला बराच मजकूर सरळ कळायला लागतो.

आधी लेखकाचं बघू, कारण तिथे थांबण्यासारखं फार नाही. इतिहासकार सिमा च्येन याने इ.स.पू. पहिल्या शतकाच्या सुरुवातीला लाओ त्सेचं छोटं चरित्र लिहिलं. आडनाव ली, नाव अर, चू राज्यातला, चौ दरबारात दप्तर सांभाळणारा. कन्फ्यूशियस त्याला भेटायला गेला होता. राज्याची उतरती कळा पाहून तो पश्चिमेकडे निघाला, सीमेवरच्या चौकीदाराने ‘जाण्याआधी काहीतरी लिहून ठेवा’ म्हणून गळ घातली, त्याने पाच हजार अक्षरं लिहून दिली आणि तो निघून गेला. पुढे त्याचं काय झालं, कुणाला माहीत नाही. कथा छान आहे, पण हाच सिमा च्येन पुढच्या काही ओळींत सांगतो की हा माणूस कदाचित दुसराच कुणी असेल, कदाचित तिसरा असेल, आणि खरं काय ते जगात कुणालाच ठाऊक नाही. दोन हजार वर्षांपूर्वीच ही अवस्था होती. आज बहुतेक अभ्यासक मानतात की हा एका बैठकीत, एका हाताने लिहिलेला ग्रंथ नव्हे. तोंडी फिरणारी वचनं गोळा होत होत तो घडला.

हे ‘गोळा होणं’ आज डोळ्यांनी बघता येतं, आणि या ग्रंथाच्या अभ्यासातला सगळ्यात रंगतदार भाग तोच आहे.

शेकडो वर्षं जो पाठ लोक वाचत आले तो मुख्यतः वांग बी याच्या टीकेसोबत, म्हणजे भाष्यासोबत, आलेला. वांग बी इ.स. २२६ साली जन्मला आणि २४९ साली वारला. तेवीस वर्षांचं आयुष्य, आणि त्याची टीका आजही पहिल्यांदा उघडली जाते. ज्ञानेश्वरांच्या महाराष्ट्रात याचं आश्चर्य वाटायचं कारण नाही, पण तरीही! मात्र ग्रंथ त्याच्याही कितीतरी आधीचा, म्हणजे मधल्या काळात त्यात काय बदललं हे कळायला मार्ग नव्हता. तो १९७३ साली सापडला. हूनान प्रांतात चांग्शा शहराजवळ मावांगत्वी इथे हान घराण्याच्या काळातली थडगी उकरली जात होती. त्यातल्या एकात आदल्याच वर्षी एका सरदाराच्या बायकोचं शव इतकं शाबूत मिळालं होतं, की डॉक्टरांनी त्याचं रीतसर शवविच्छेदन केलं. शेजारच्या तिसऱ्या थडग्यात, इ.स.पू. १६८ मध्ये पुरलेल्या तिच्या मुलासोबत, रेशमावर लिहिलेली ग्रंथांची चळत निघाली. त्यात ताओ ते चिंगच्या दोन प्रती होत्या.

या प्रती कधीच्या, हे ठरवायची युक्ती बघण्यासारखी आहे. चीनमध्ये सम्राटाच्या नावातलं अक्षर लिहायची बंदी असे. हान घराण्याच्या संस्थापकाचं नाव होतं ल्यू पांग, आणि ‘पांग’ हे अक्षर ‘राज्य’ या अर्थानेही वापरात होतं. पहिल्या प्रतीत ते अक्षर बिनधास्त लिहिलेलं आहे. दुसऱ्या प्रतीत त्याच्या जागी सगळीकडे त्याच अर्थाचा दुसरा शब्द आहे. म्हणजे पहिली प्रत बंदी लागू होण्याआधीची आणि दुसरी नंतरची.

दोन्ही प्रतींत ग्रंथाची मांडणी उलटी आहे. आज ज्याला आपण ३८वा अध्याय म्हणतो तिथून सुरुवात, आणि ‘जो सांगता येतो तो शाश्वत मार्ग (म्हणजे ताओ) नव्हे’ हे जगप्रसिद्ध पहिलं वाक्य येतं दुसऱ्या भागाच्या तोंडाशी. म्हणजे त्या काळच्या वाचकाला पहिल्याच पानावर ब्रह्मज्ञान मिळत नसे. समाजाची घडी कशी विसकटत जाते, याने ग्रंथ सुरू होई. आणि ते हजार मैल? दोन्ही रेशमी प्रतींत त्या जागी प्रवास नाहीच. तिथे उंची आहे: मोठी उंचीदेखील पायाखालूनच सुरू होते.

मग १९९३ साली हूपे प्रांतात चिंगमन शहराजवळ ग्वोत्यान इथे आणखी जुनं थडगं सापडलं, साधारण इ.स.पू. ३००च्या आसपासचं. त्यात बांबूच्या पट्ट्या होत्या. कागद यायच्या आधी चिनी लोक बांबूच्या चिंचोळ्या पट्ट्यांवर उभ्या ओळीत लिहीत आणि पट्ट्या दोऱ्याने बांधून गुंडाळी करत. दोरा कुजला की पट्ट्या सुट्या होतात आणि मग क्रम लावत बसावं लागतं. या पट्ट्यांत ताओ ते चिंगचा मजकूर तीन जुड्यांमध्ये आहे, सगळा मिळून सुमारे दोन हजार अक्षरांचा, म्हणजे आजच्या ग्रंथाच्या निम्म्याहून कमी. अध्यायांचा क्रम वेगळाच.

आपला ६४वा अध्याय इथे सलग नाहीच! झाडाचा कोंब आणि पायाखालची सुरुवात सांगणारा पहिला अर्धा एका ठिकाणी, आणि ‘जो करायला जातो तो बिघडवतो’ हा दुसरा अर्धा त्याच जुडीत दुसरीकडे. शिवाय हा दुसरा अर्धा तिसऱ्या जुडीत थोड्या फरकाने पुन्हा एकदा येतो. दोन वेगळी वचनं पुढे कुणीतरी शेजारी शेजारी ठेवली आणि त्यांचा एक अध्याय झाला. म्हणजे मी वर ‘त्याला लागूनच जे येतं’ म्हटलं, ती शेजाऱ्यांची जोडीसुद्धा कुण्या संपादकाने जुळवलेली आहे.

दुसरा नमुना १९व्या अध्यायाचा. छापील पाठात तो, करुणा आणि न्यायनीती शिकवणाऱ्या कन्फ्यूशियसच्या अनुयायांवर थेट तुटून पडतो: करुणा आणि न्यायनीती टाकून द्या, लोक पुन्हा आईबापांना मानू लागतील. ‘ताओवाले विरुद्ध कन्फ्यूशियसवाले’ हे भांडण सांगताना हीच ओळ पुढे केली जाते. बांबूच्या पट्टीवर मात्र त्या जागी करुणा आणि न्यायनीती नाहीत. चलाखी आणि वादविवाद टाका, नाटकीपणा आणि हिशेबीपणा टाका, असं आहे. १८व्या अध्यायातला टोमणा मात्र तिथेही आहे, की मोठा मार्ग हरवला तेव्हाच करुणेच्या आणि न्यायाच्या गप्पा सुरू झाल्या. तेव्हा भांडण नव्हतंच असं म्हणता येत नाही, पण ते एवढं धारदार नंतर झालं असं दिसतं.

आता तो काळ. ज्याला ‘लढत्या राज्यांचा काळ’ म्हणतात, इ.स.पू. पाचव्या शतकापासून २२१पर्यंत. सात मोठी राज्यं एकमेकांना गिळायला बसलेली. शेतकऱ्याला सक्तीने शिपाई करायचं, त्याच्याकडूनच लढाईसाठी धान्य काढायचं, पळून गेला तर शेजाऱ्यांना शिक्षा द्यायची, अशी नवी यंत्रणा उभी राहत होती. या काळाच्या शेवटी शेवटी, इ.स.पू. २६०मध्ये, चांगफिंगच्या लढाईत शरण आलेले चार लाखांवर सैनिक छिन राज्याने मारले असं जुना इतिहास सांगतो. आकडा फुगवलेला असेल, पण त्या काळाचा अंदाज यायला पुरे.

हे डोळ्यांपुढे ठेवून ५३वा अध्याय वाचा. राजवाडा लख्ख, शेतात तण माजलेलं, कोठारं रिकामी. आणि वर बसलेले भरजरी कपडे घालून, कमरेला धारदार तलवारी लटकावून, पोट फुटेपर्यंत खातात. याला ग्रंथाचा शब्द आहे ‘दरोडेखोरी’. ७५व्यात विचारलंय लोक उपाशी का राहतात, आणि उत्तरही दिलंय: वरचे शेतसारा फार खातात म्हणून. ३१वा म्हणतो की लढाई जिंकल्यावर जल्लोष करू नये, जिंकलेल्याने मयताच्या रीतीने उभं राहावं. ५७वा म्हणतो की बंधनं वाढली की लोक गरीब होतात, आणि कायदे-हुकूम जितके वाढतील तितके चोर वाढतात. यात गूढ काय आहे? एखाद्या तालुक्याच्या गावी चहाच्या टपरीवर हे म्हटलं तर कुणी मान वर करूनही बघणार नाही.

इथे ‘वू वेई’ ही या ग्रंथाची सगळ्यात प्रसिद्ध आणि सगळ्यात हाल झालेली कल्पना येते. शब्दशः ‘न करणं’. मराठी वाचकाला लगेच ‘ठेविले अनंते तैसेचि राहावे’ आठवतं, आणि तिथेच गाडी रुळावरून उतरते. ते वचन सोसणाऱ्याला धीर देतं. वू वेई ज्याच्या हातात दांडका आहे त्याला सांगितलेली आहे: दांडका खाली ठेव. शेतकऱ्याने पेरू नये, कुंभाराने मडकं करू नये, असं ग्रंथात कुठेही नाही. हुकूम सोडणाऱ्याने दर चार दिवसांनी नवा हुकूम सोडू नये, असं आहे.

६०व्या अध्यायाची पहिली ओळ तेच म्हणते: मोठं राज्य चालवणं म्हणजे लहान मासे शिजवणं. एवढंच, पुढे स्पष्टीकरण नाही. ते हान फेई या दुसऱ्या विचारवंताच्या नावावरच्या ग्रंथात मिळतं, आणि या ग्रंथावरचं आज हाती असलेलं सगळ्यात जुनं भाष्य तेच: लहान मासे सारखे उलटसुलट केले तर त्यांचा चुरा होतो, तसेच कायदे वारंवार बदलले तर लोक हैराण होतात. ज्याने तव्यावर मांदेली तळली आहेत त्याला यापुढे काही सांगायला नको. उलथनं हातात आहे म्हणून चालवायचं नसतं. पण आच किती ठेवायची, तेल किती घालायचं आणि एकदाच नेमकं कधी उलटायचं, हे तर बघावंच लागतं. ‘न करणं’ म्हणजे लक्ष नसणं नव्हे.

हे कागदावरच राहिलं नाही. बाकी राज्यं गिळून बसलेल्या छिन घराण्याच्या कडक राजवटीचा चुराडा होऊन हान घराणं आलं, तेव्हा पहिली साठ-सत्तर वर्षं दरबारात याच विचाराचा जोर होता. त्यातला त्साओ शन हा माझा आवडता माणूस. आधी लढवय्या सेनापती, नंतर इ.स.पू. १९३मध्ये साम्राज्याचा मुख्य प्रधान. आधीचा प्रधान श्याओ ह याने घालून दिलेल्या नियमांत याने काडीचाही बदल केला नाही. कारकून निवडताना बोलण्यात जड पण मनाने सरळ अशी वयस्क माणसं निवडली, आणि कायद्याचा कीस काढून नाव कमावू बघणाऱ्यांना घरी पाठवलं. स्वतः दिवसभर मद्य पीत बसे. कुणी काही सुचवायला आला की त्याला प्याला द्यायचा, त्याने तोंड उघडलं की पुन्हा प्याला, शेवटी तो झिंगून न बोलताच परत जाई. वाड्यामागे कारकुनांची घरं होती, तिथे रोज पिणं आणि आरडाओरडा चाले. वैतागलेल्या एका नोकराने साहेबांना मुद्दाम मागच्या बागेत नेलं, म्हणजे ऐकू येईल आणि कारवाई होईल. त्साओ शनने तिथेच मद्य मागवलं आणि पलीकडच्यांच्या सुरात सूर मिसळून गायला लागला.

तरुण सम्राट काळजीत पडला. त्याने त्साओ शनच्या मुलालाच बापाला विचारायला पाठवलं, तर बापाने मुलाला दोनशे फटके लगावले. शेवटी सम्राटाने समोर बोलावून विचारलं. त्साओ शन म्हणाला, महाराज, आपण आणि आपले वडील यांत थोर कोण? वडील. मी आणि श्याओ ह यांत? श्याओ हच थोडा वरचढ वाटतो. मग त्या दोघांनी कायदे नीट लावून दिलेत, आपण ते पाळून स्वस्थ बसावं हे बरं नाही का? सम्राट म्हणाला, कळलं.

आजच्या नजरेने ही गोष्ट पचायला अवघड आहे, आणि ती पुरती पचू नये असं मला वाटतं. पण पार्श्वभूमी विसरता येत नाही. दशकानुदशकं लढाया, वेठबिगारी आणि शिक्षा सोसून लोक पिचलेले होते, आणि त्या क्षणी राज्याने हात आखडणं हीच मोठी कामगिरी होती. पुढे दोन सम्राटांच्या काळात जमिनीचा सारा उत्पन्नाच्या तिसाव्या हिश्श्यावर आला, अवयव तोडण्याच्या शिक्षा बंद झाल्या. या काळातली राजमाता दोऊ ताओ ते चिंगची एवढी भक्त, की ‘ही तर घरगड्यांची बडबड’ असं म्हणणाऱ्या एका कन्फ्यूशियसपंथी पंडिताला तिने रानडुकराशी झुंजायला लावलं. सम्राटाने गुपचूप त्याच्या हाती धारदार शस्त्र दिलं म्हणून म्हातारा वाचला. कोमलता कठोराला जिंकते, असं ज्या ग्रंथात पुन्हा पुन्हा सांगितलंय, त्याच्या बाजूने डुकराला मैदानात उतरवावं लागलं, ही गंमत राजमातेच्या लक्षात आली नसावी.

आता अवघड जागा. ताओ ते चिंग म्हणजे शांत, हिरवागार, सगळ्यांना कवेत घेणारा ग्रंथ अशी समजूत करून बसलेल्यांनी तिसरा अध्याय वाचावा. ज्ञानी राजा काय करतो? लोकांची मनं रिकामी करतो, पोटं भरतो, त्यांच्या आकांक्षा दुबळ्या करतो, हाडं मजबूत करतो. ६५वा त्याहून उघड आहे: जुन्या काळी मार्ग जाणणाऱ्यांनी लोकांना शहाणं केलं नाही, भोळं ठेवलं, कारण लोक फार हुशार झाले की राज्य करणं कठीण जातं. जिथे जोतिरावांनी सगळ्या अनर्थाचं मूळ अविद्येत दाखवलं, तिथल्या वाचकाला हे खटकलंच पाहिजे.

टीकाकार बचाव करतात आणि तो निखालस पोकळ नाही. २०व्या अध्यायात बोलणारा स्वतःलाच मूर्ख म्हणवून घेतो: बाकी सगळे लखलखीत, मीच तेवढा मंद. तेव्हा ‘भोळेपण’ ही शिवी नव्हे, वांग बीच्या मते ती खरेपण टिकवण्याची रीत आहे, आणि राजाने ती आधी स्वतः अंगी बाणवायची आहे. चलाखी म्हणजे इथे विद्या नसून डावपेच. मला हे अर्धंच पटतं. राजाने स्वतःहून भोळं होणं आणि राजाने दुसऱ्याला भोळं ठेवणं, यांत सत्ता कुणाकडे आहे हा फरक उरतोच. हाच ग्रंथ हान फेईसारख्या कडक शासनाच्या पुरस्कर्त्यालाही आपला वाटला, हे त्यामुळेच. हेतू मनात ठेवून गप्प बसणारा, कुणाला थांग लागू न देणारा राजा त्याने याच पानांतून उचलला.

पुढच्या शतकांत या ग्रंथाचे इतके अवतार झाले की मूळ श्रोता मागे पडला. ‘नदीकाठचे आजोबा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टीकाकाराने राज्याच्या जागी शरीर बसवलं: श्वास कसा राखावा, आयुष्य कसं वाढवावं. दुसऱ्या शतकात उभ्या राहिलेल्या ताओ धर्मसंप्रदायाने लाओ त्सेला देवच केलं. थांग घराण्याचं आडनावही ली, म्हणून त्यांनी त्याला सरळ मूळपुरुष मानलं.

आणि याच थांग काळात हा ग्रंथ आपल्याकडे यायला निघाला होता. पुलकेशीच्या महाराष्ट्रातून फिरून गेलेला, इथली माणसं स्वाभिमानी आणि उपकाराला जागणारी म्हणून लिहून ठेवणारा ह्युएन त्संग शाळेच्या पुस्तकामुळे आपल्या ओळखीचा. तो चीनला परतल्यावर, कामरूपच्या म्हणजे आसामच्या भास्करवर्मा राजाने लाओ त्सेचा ग्रंथ मागितला, आणि इ.स. ६४७मध्ये सम्राटाने ह्युएन त्संगला त्याचं संस्कृत भाषांतर करायला सांगितलं. मदतीला दिलेल्या ताओ पंडितांचं आणि त्याचं लवकरच जुंपलं. त्यांना बौद्ध परिभाषा वापरून अर्थ लावायचा होता, आणि स्वतः बौद्ध भिक्षू असलेला ह्युएन त्संग त्याला साफ नकार देत होता: हे दोन विचार वेगळे आहेत, एकाचे कपडे दुसऱ्याला घालू नका. ते भाषांतर आज उपलब्ध नाही. ‘सगळे मार्ग शेवटी एकच’ म्हणत ताओला घाईघाईने ब्रह्माच्या शेजारी बसवणाऱ्यांना मात्र हे भांडण जरूर सांगावं.

वाचायला सुरुवात करायची तर पहिल्या अध्यायापासून करू नका. ५३, ५७, ६०, ७५ हे आधी घ्या, म्हणजे बोलणारा कुणावर चिडलाय ते कळेल. मग १७वा: सगळ्यात चांगला राजा असा की लोकांना तो आहे एवढंच ठाऊक असतं, त्याखालचा ज्याचं ते कौतुक करतात, त्याखालचा ज्याला भितात, सगळ्यात खालचा ज्याला तुच्छ मानतात. त्यानंतर ३८, जिथून मावांगत्वीचा वाचक सुरुवात करायचा. रिकामेपणाच्या उपयोगाबद्दलचा ११वा, पाण्याबद्दलचे ८ आणि ७८ मध्ये कधीही घ्या, ते कुठेही छानच लागतात. पहिला अध्याय सगळ्यात शेवटी. भाषांतर निवडताना प्रस्तावना उघडून बघा की भाषांतरकार कोणता पाठ वापरतोय, वांग बीचा, रेशमावरचा की बांबूवरचा, आणि १९व्या अध्यायात करुणा टाकायला सांगितली आहे की चलाखी. प्रस्तावनेत यातलं काहीच नसेल आणि मुखपृष्ठावर सूर्यास्तात ध्यानाला बसलेला माणूस असेल, तर दुसरं बघा.